घ्यायला विसरणं आणि घेतल्याचं विसरणं



परीक्षा जवळ आल्या की आपल्या मंडळाच्या ग्रुपवर आयंबिलाच्या पाककृती आणि व्याख्यानाच्या वेळा यांच्यामध्येच एखाद्या वहीच्या पानाचा फोटो येतो. खाली प्रश्न असतो, "इथे टु लावायचं की आयएनजी? कुणाला येतं का?" मग कुणी म्हणतं टु, कुणी म्हणतं आयएनजी, कुणी हात जोडल्याची खूण टाकते. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात जेरंड आणि इन्फिनिटिव्हवर प्रश्न येऊ शकतो, त्यामुळे हे पान दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरातून येतंच.

आपल्यापैकी बऱ्याच जणी मराठी शाळेत शिकलेल्या. आपल्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्यामुळे मुलांनी वही पुढे केली की आपण "पप्पांना विचार" म्हणतो, आणि पप्पा दुकानातून येईपर्यंत मूल झोपलेलं असतं. लग्नाआधी मी काही वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेत होते, म्हणून हा प्रश्न फिरून माझ्याकडे येतो. यंदा तो आमच्या घरात वहीतून न येता औषधाच्या डब्यातून आला. त्यामुळे एकदाचं सविस्तर लिहावं म्हटलं.

आधी शब्द सोपे करून घेऊ. क्रियापदाला आयएनजी लागून त्याचं नाम झालं की तो जेरंड. ईट म्हणजे खा, ईटिंग म्हणजे खाणं. इथे कुरकुंभला एमआयडीसीच्या रस्त्याने जाताना कारखान्यांच्या भिंतींवर "नो स्मोकिंग", "नो पार्किंग" लिहिलेलं आपण रोज वाचतो. त्यातले स्मोकिंग आणि पार्किंग हे असेच शब्द, ओढणं आणि उभी करणं. वेडिंग आणि बिल्डिंग तर आता आपलेच झालेत. तेही याच साच्यातून निघाले, वेड म्हणजे लग्न करणे आणि बिल्ड म्हणजे बांधणे या क्रियापदांपासून. क्रियापदाच्या आधी टु आला की तो इन्फिनिटिव्ह. टु ईट म्हणजे खायला.

हा टु कुठून आला ते समजलं की निम्मं काम होतं. "आय गो टु दौंड" मधला टु आणि "आय वाँट टु ईट" मधला टु मुळात एकच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ "कडे" असा, दिशा दाखवणारा. आता आपल्या मराठीकडे बघा. "मी दौंडला जाते" आणि "मी भाजी आणायला जाते". दोन्हीकडे तोच "ला"! एक गावाकडे नेतो, दुसरा कामाकडे. सरकारी पाटीवर हाच "ला" जरा कडक इस्त्री करून "स" होऊन बसतो: "थुंकण्यास मनाई आहे". मोरो केशव दामल्यांनी १९११ साली "शास्त्रीय मराठी व्याकरण" हा जाडजूड ग्रंथ लिहिला. आपल्याला तो वाचायची गरज नाही, कारण ते व्याकरण आपल्या जिभेवर आहेच. आपण रोज "आणायला" आणि "आणल्याचं" यांत फरक करतो, फक्त त्याला नाव देत नाही.

तर माझी पहिली खूण अशी. टु पुढे बघतो, काम अजून व्हायचं असतं. आयएनजी कामालाच हातात धरतो, ते चालू असतं, नेहमीचं असतं किंवा होऊन गेलेलं असतं.

आता ही खूण घरातल्या चार क्रियापदांवर लावून बघू.

पहिलं, स्टॉप. सोलापूर रोडने जाताना आपण पाटसला थांबतो. "वुई स्टॉप्ड टु ड्रिंक टी", म्हणजे चहा प्यायला थांबलो. "वुई स्टॉप्ड ड्रिंकिंग टी", म्हणजे चहा पिणं बंद केलं, आता घरात चहाची पत्तीही येत नाही. दोन अक्षरांच्या टुने केवढा फरक पडला! पहिल्या वाक्यात चहा पुढे आहे, दुसऱ्यात मागे राहिला.

दुसरं, रिमेंबर. गावाला निघालो, गाडी हायवेला लागली, आणि पोटात गोळा येतो: गॅस बंद केला का? हा अनुभव नसलेली बाई मला दाखवा. आपण गॅस बहुतेक वेळा बंद केलेलाच असतो. "आय रिमेंबर्ड टु टर्न ऑफ द गॅस", बंद करायचं लक्षात राहिलं होतं. पण "आय डोंट रिमेंबर टर्निंग इट ऑफ", बंद केल्याचं आठवत नाही. काम लक्षात ठेवणं वेगळं, काम केल्याची आठवण असणं वेगळं. हात आपलं काम करून मोकळा होतो आणि मन कुठेतरी दुसरीकडेच असतं.

तिसरं, ट्राय. "शी ट्राइड टु फास्ट", तिने उपवास करायचा प्रयत्न केला, बहुतेक दुपारी डोकं धरून बसली असेल. "शी ट्राइड फास्टिंग", तिने उपवास करून पाहिला. आपलं "करून पाहणे" म्हणजेच ट्राय अधिक आयएनजी. मुलाला नियम सांगत बसू नका. "करायचा प्रयत्न केला की करून पाहिलं?" एवढंच विचारा. त्याला लगेच कळतं.

चौथं, रिग्रेट. ऑफिसातून पत्र येतं, "कळवण्यास खेद होतो की". हे थेट "वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू". वाईट बातमी अजून सांगायची आहे, म्हणून टु. आणि "आय रिग्रेट सेइंग दॅट", तसं बोलल्याचा पश्चात्ताप होतो. बोलून झालंय, शब्द परत येत नाहीत. या शेवटच्या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे.

बाकीची क्रियापदं एकाच बाजूची असतात. वाँट, होप, डिसाइड, प्लॅन, प्रॉमिस, अॅग्री, रिफ्यूज यांच्यामागे टु. हवंय, आशा आहे, ठरवलंय, कबूल केलंय, नाकारलंय, सगळं अजून व्हायचं आहे. एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड, गिव्ह अप, कीप, अॅडमिट, डिनाय यांच्यामागे आयएनजी. संपवायचं किंवा सोडायचं तर काम आधी हातात असावं लागतं. कबूल करायचं किंवा नाकबूल करायचं तर ते घडल्याची गोष्ट निघालेली असावी लागते.

खूण म्हणजे खूणच, तिला कायदा समजू नका. सजेस्ट, कन्सिडर, इमॅजिन यांतलं काम पुढचं असलं तरी मागे आयएनजी येतो. मॅनेजमध्ये काम पार पडलेलं असतं तरी टु येतो. ही चार नावं पाठच करायची. पाथर्डी बोर्डाच्या धार्मिक परीक्षांसाठी आपण पानंच्या पानं पाठ केली, त्यापुढे चार शब्द म्हणजे काहीच नाही. लाइक, लव्ह, स्टार्ट, बिगिन यांना दोन्ही चालतं.

मराठी मुलांची गाडी नेमकी कुठे अडकते तेही सांगते. "मला स्वयंपाक करायला आवडतो" यात "करायला" आहे, म्हणून मूल लिहितं "आय एन्जॉय टु कुक". इथे आपला "ला" दगा देतो. एन्जॉयला आयएनजीच लागतो, "आय एन्जॉय कुकिंग". दुसरा खड्डा "लुकिंग फॉरवर्ड टु" चा. तिथे टु दिसला की मुलं "टु मीट" लिहितात. पण हा टु क्रियापदाचा नसून आधीच्या शब्दांना चिकटलेला आहे, "भेटण्याची वाट बघते" मधल्या "ची" सारखा, म्हणून "लुकिंग फॉरवर्ड टु मीटिंग यू". फॉर, अॅट, ऑफ, विदाउट असे शब्द आले की त्यांच्यामागेही आयएनजीच: "थँक यू फॉर कमिंग". आणि लेट आला तर काहीच लावायचं नाही. "जाऊ दे" मध्ये आपणही "ला" लावत नाही, तसंच "लेट हिम गो".

इथपर्यंत शिकवणी झाली. आता औषधाच्या डब्याकडे येते.

माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. पहाटे उठून सामायिक, नवकारसी, संध्याकाळी चौविहार, गेली साठ वर्षं यात खंड नाही. सूर्यास्ताची वेळ त्यांना कॅलेंडर न बघता ठाऊक. गेल्या वर्षापासून आमच्या लक्षात येऊ लागलं की त्या सामायिक पारून उठायच्या, पाणी प्यायच्या, देवघरापर्यंत जाऊन यायच्या आणि पुन्हा आसन अंथरायच्या. "बाई, झालं की तुमचं सामायिक," म्हटलं की म्हणायच्या, "कधी? आत्ता तर बसतेय." पहिल्यांदा आम्ही हसलो. नंतर हसू ओसरलं, कारण गोळ्यांचंही तसंच व्हायला लागलं. साखरेची आणि रक्तदाबाची गोळी त्या कधीच चुकवत नसत. सकाळची गोळी घ्यायच्या, आणि अर्ध्या तासाने डबा उघडून पुन्हा बसायच्या.

पुण्यात एका मेंदूविकाराच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. त्या दक्षिणेकडच्या, मराठी बेताचं. त्यांच्याकडे जाण्याआधी त्रास काय आहे ते इंग्रजीत लिहून पाठवायचं होतं. नात्यातल्या एका मुलाने फोनवर ऐकून झटपट मजकूर तयार केला आणि आम्हाला बघायला पाठवला. त्यात एक ओळ होती, "शी ऑफन फरगेट्स टु टेक हर मेडिसिन्स".

माझी दहावीतली लेक शेजारी बसून अभ्यास करत होती. तिने मोबाइल हातात घेतला, वाचलं आणि मला विचारलं, "मम्मी, दादी गोळी घ्यायला विसरते की घेतल्याचं विसरते?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. घ्यायला विसरते म्हणजे गोळी पोटात गेलीच नाही. घेतल्याचं विसरते म्हणजे दोनदा गेली. वाचणाऱ्या डॉक्टरांना वाटलं असतं की औषध कमी पडतंय म्हणून साखर वरखाली होतेय. खरं तर उलट धोका होता. साखरेच्या काही गोळ्या दोनदा गेल्या तर साखर एकदम खाली उतरू शकते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस गोंधळतो. त्यात चौविहार करणारी बाई, सूर्यास्तानंतर तोंडात पाण्याचा थेंबही घेणार नाही. लेकीने ती ओळ खोडून लिहिलं, "शी फरगेट्स टेकिंग हर मेडिसिन्स अँड टेक्स देम अगेन". मागचं "अँड टेक्स देम अगेन" मी मुद्दाम घालायला लावलं, कारण जिवाशी गाठ असलेली गोष्ट एका आयएनजीच्या भरवशावर सोडू नये. तुम्हीही सोडू नका.

डॉक्टरांनी ती ओळ वाचून पहिला प्रश्न तोच केला, दिवसात किती वेळा दोनदा गोळी जाते? मग चौविहाराची वेळ विचारून घेतली, संध्याकाळच्या गोळीची आणि जेवणाची वेळ बसवून दिली आणि डबा घरच्यांच्या ताब्यात ठेवायला सांगितला. आता आठवड्याच्या वारांचे खण असलेला डबा माझ्या कपाटात असतो. एक खण रिकामा झाला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवशी खूण. सासूबाई स्वतः ती खूण करतात. "बाई, गोळी घेतली ना?" असा वाद आता होत नाही, आम्ही दोघी मिळून कॅलेंडर बघतो.

आजार कळला, औषध लागलं, पण त्यांच्या मनाला वेगळंच काही खात होतं. एका सकाळी नवकारसी यायच्या आधीच त्यांनी डब्यातला खाखरा काढून खाल्ला. जाऊबाईंनी सहज म्हटलं, "बाई, अजून वेळ झाली नाही." त्यांच्या हातातला तुकडा तिथेच राहिला. दिवसभर त्या कुणाशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी मला म्हणाल्या, "साठ वर्षं सांभाळलं आणि आता रोज मोडत असेल. मला काय कळतंय? मी पच्चक्खाण घेऊच नये."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन दौंडला महासतीजींच्या दर्शनाला गेले. तिथे जे समजलं ते आपल्या प्रत्येकीच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी आहे, म्हणून लिहितेय.

नवकारसीचं पच्चक्खाण घेताना आपण जे पाठ म्हणतो, त्यात दोन आगार आहेत. आगार म्हणजे आधीच ठेवलेली सूट. एक अनाभोगाचा, भान नसताना विसरून तोंडात काही गेलं तर. दुसरा सहसागार, आपली इच्छा नसताना अचानक काही तोंडात उडालं तर. म्हणजे ज्यांनी हे पच्चक्खाण बांधलं त्यांनी माणूस विसरतो हे धरूनच बांधलं. विसरून खाल्ल्याने पच्चक्खाण मोडत नाही. आठवलं की मात्र तिथल्या तिथे थांबायचं, तोंडातला घासही ठेवायचा नाही. सासूबाईंच्या हातातला तुकडा हातातच राहिला होता, आठवण करून दिल्यावर त्यांनी एक कणही पुढे खाल्ला नव्हता. महासतीजी म्हणाल्या, पच्चक्खाण तर तुम्ही तेव्हाच पाळलंत. पोरसीसारख्या पच्चक्खाणांत तर समाधीचाही आगार आहे, जीव बेचैन झाला तर औषधासाठी.

मग सामायिकाचं. नवव्या व्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो: मन, वचन आणि काया यांचे तीन, चौथा स्मृतीचा, पाचवा सामायिक व्यवस्थित न करण्याचा. हा चौथा आपण घाईत म्हणून जातो. त्याचा अर्थ दोन बाजूंनी समजावला जातो. सामायिक कधी करायचं ते न आठवणं, आणि केलं की नाही केलं ते न आठवणं. मैत्रिणींनो, हे ऐकलं आणि मला लेकीचा प्रश्न आठवला. करायला विसरणं आणि केल्याचं विसरणं, दोन्ही आपल्या पूर्वाचार्यांनी एका अतिचारात वेगवेगळी ओळखून ठेवली आहेत. पण तिथे दोष दिलाय तो प्रमादाला, बेफिकिरीला. सासूबाईंच्या विसरण्यात बेफिकिरी कुठे आहे? झालेलं सामायिक त्यांच्या डोक्यातून जातं, पण करायचंय ही ओढ जात नाही. उलट त्या ओढीनेच तर त्या पुन्हा आसन घालतात.

त्या दिवसापासून घरात ठरलं. गोळी दुसऱ्यांदा द्यायची नाही. सामायिकाला दुसऱ्यांदा बसल्या तर अडवायचं नाही. अठ्ठेचाळीस मिनिटं समभावात जास्तीची गेली तर कुणाचं काय बिघडलं? गुडघे दुखू नयेत म्हणून खुर्ची तेवढी जवळ ठेवतो.

घरी परतताना माझ्या मनात एक गोष्ट घोळत होती, ती सांगते. आपली रोजची आराधना काळाच्या तिन्ही बाजूंना तोंड करून असते. होऊन गेलेल्याचं प्रतिक्रमण, चालू क्षणाचा संवर, पुढच्याचं प्रत्याख्यान. "करेमि भंते" या एका सूत्रात "पच्चक्खामि" आहे आणि "पडिक्कमामि" पण आहे. एक पुढे बघून सोडतो, एक मागे वळून परततो. म्हणून मी आता मुलांना टु आणि आयएनजी शिकवताना हेच सांगते. टु म्हणजे पच्चक्खाण घेतानाचं मन, अजून करायचं आहे. आयएनजी म्हणजे प्रतिक्रमणातलं मन, केलेल्याकडे बघणारं. आमच्याकडे शनिवारी अभ्यासाला येणाऱ्या चार मुलींना हे एका बैठकीत कळलं, कारण प्रतिक्रमणाला त्या दर पक्खीला बसतात. पुस्तकातली व्याख्या त्यांच्या तीनदा वाचून झाली होती.

आता तो रिग्रेट. संवत्सरीला बाहेरदेशी असलेली आपली मुलं ऑफिसातल्या माणसांनाही क्षमापना पाठवतात. दरवर्षी मला विचारणा येते की मिच्छामि दुक्कडं इंग्रजीत कसं लिहायचं. मी सांगते, मिच्छामि दुक्कडं तसंच लिहा, ते बदलू नका. खाली समजावायचं असेल तर "आय रिग्रेट हर्टिंग यू" लिहा. "हर्टिंग", कारण दुखावून झालंय. तिथे चुकून टु पडला तर "तुम्हाला दुखावताना मला खेद होतोय" असं काहीतरी होऊन बसेल, म्हणजे दुखावणं अजून बाकीच आहे! शक्य असेल तर पुढे लिहावं, नेमकं कशाने दुखावलं ते. आयएनजीला काम हातात धरायला हवं असतं, आणि क्षमेलाही. "जाणता अजाणता काही झालं असेल तर" असं सगळ्यांना एकच पाठवण्यापेक्षा, ज्या एका जावेशी वर्षभर बोलणं नव्हतं तिला फोन करून "त्या दिवशी मी तसं बोलले त्याचं मला वाईट वाटतं" म्हणणं जड जातं. पण तेच खरं प्रतिक्रमण.

शेवटी घरातल्या अभ्यासासाठी माझी पद्धत. आपल्या आधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या, मराठी वाक्य समोर ठेवून. ती रीत मला आजही पटते. मुलाने वही आणली की "मला इंग्रजी येत नाही" म्हणू नका. त्याला म्हणा, आधी हे वाक्य मला मराठीत सांग. तो "करायला" म्हणाला तर बहुतेक टु, "केल्याचं", "करणं", "करून पाहिलं", "करत राहिलं" म्हणाला तर बहुतेक आयएनजी. "करायचं" आलं तर मात्र थांबून विचारा, कारण "खायचं ठरवलं" पुढचं आहे आणि "खायचं सोडलं" मागचं. आवडण्याचं वाक्य आलं तर सावध व्हा. एवढं तुम्हाला इंग्रजी न येताही विचारता येतं. उत्तर मूलच देईल, आणि आपल्या आईला आपल्याइतकंच कळतं हेही त्याला कळेल.

घरात म्हातारं माणूस असेल तर आणखी एक करा. ते "विसरतं" एवढंच डॉक्टरांना सांगू नका. काय करायला विसरतं आणि काय केल्याचं विसरतं, या दोन याद्या वेगळ्या लिहा, मराठीतच लिहा, आणि मगच कुणाकडून इंग्रजी करून घ्या. आमच्या सासूबाईंच्या पहिल्या यादीत आजही फारसं काही नाही. पहाटे त्यांना उठवावं लागत नाही, आसन त्या स्वतःच घालतात.

मिच्छामि दुक्कडं.